गुळाला जगात किती नावं

‘कोल्हापुरी गुळाच्या टिकाऊपणावर रासायनिक व वनस्पतिजन्य शुद्धीकरण-द्रव्यांचा होणारा परिणाम : कोल्हापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक चिकित्सक अभ्यास.’

मथळा मी बनवलेला आहे, पण ओळखीचा वाटेल. आपल्याकडच्या प्रबंधांचा सांगाडा असाच असतो. आता हे वाक्य इंग्रजीत करून स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसच्या शोधचौकटीत जसंच्या तसं डकवा. बहुधा हाती शून्य लागेल. गंमत अशी की ते शून्य बघून वाईट वाटण्याऐवजी आनंद होतो. या विषयावर जगात कुणी कामच केलेलं नाही! रिसर्च गॅप सापडला! प्रबंधाच्या आराखड्याच्या, म्हणजे सिनॉप्सिसच्या, दुसऱ्या पानावर तसं वाक्य पडतंसुद्धा.

त्या शून्याचं कारण अगदी साधं आहे. अवतरणचिन्हांशिवाय शेजारी शेजारी लिहिलेल्या शब्दांच्या मध्ये स्कोपस आपल्या मनानंच ‘अँड’ धरतो. म्हणजे मथळ्यातले सगळेच्या सगळे शब्द ज्या नोंदीत असतील तेवढीच नोंद दाखव, असं आपण सांगितलेलं असतं. त्यात ‘विशेष’ही आला, ‘संदर्भ’ही आला आणि ‘चिकित्सक’ही. जगात कुठेतरी कुणी काहिलीतला, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतला, रस निवळण्यावर दहा वर्षं घालवली असतील, पण त्यानं ‘चिकित्सक’ लिहिलं नाही म्हणून तो बाद. डेटाबेसला प्रश्न कळत नाही, त्याला फक्त अक्षरं जुळवता येतात. प्रश्नाचं शोधविधान करायचं म्हणजे आधी प्रश्नातलं काय टाकून द्यायचं ते ठरवायचं.

तेव्हा पेन्सिल घ्या आणि खोडा. ‘परिणाम’ खोडा, कारण बहुतेक शोधनिबंध कशाचा तरी कशावर तरी परिणामच सांगत असतात आणि तो शब्द न वापरताही सांगतात. ‘अभ्यास’, ‘चिकित्सक’, ‘विशेष संदर्भ’ खोडा. ‘भूमिका’, ‘महत्त्व’, ‘विश्लेषण’ असले शब्द आले असतील तर तेही. उरतात तीन ढीग : गूळ, रस निवळणारी द्रव्यं, आणि टिकाऊपणा. मग ‘कोल्हापूर’?

‘कोल्हापूर’ही खोडायचं, आणि इथेच सगळ्यांचा हात अडखळतो. अहो, विषयच कोल्हापूरचा आहे! कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र इथे आहे, मग गावाचं नाव कसं गाळायचं? पण विचार करा. रस निवळायला घातलेल्या भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी का वर येते, याचं रसायनशास्त्र कागलला एक आणि कोलंबियाला दुसरं असं नाही. गाव हा तुमच्या नमुन्यांचा पत्ता आहे, तुमच्या आधी झालेल्या कामाचा नाही. तरीही मोह आवरत नसेल तर एकदा ‘कोल्हापूर’ हा एकच शब्द ‘सर्व क्षेत्रं’ निवडून टाकून बघा. समोर येतील पातळ थरांचे आणि सुपरकपॅसिटरचे निबंध, ढिगानं. शिवाजी विद्यापीठाचं पदार्थविज्ञान त्यासाठी नावाजलेलं आहे आणि लेखकांच्या पत्त्यात कोल्हापूर लिहिलेलं असतं. गुळाचा पत्ता नाही, नॅनोकणांचा पाऊस. म्हणून शोध मथळा, सारांश आणि कळशब्द (कीवर्ड) या तीन क्षेत्रांपुरता ठेवायचा. पूर आणि पंचगंगा हा विषय असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नदी हाच विषय असतो. गाव ठेवावंच लागतं.

आता पहिला ढीग, गूळ. इथे थांबायला हवं, कारण बहुतेक शोध इथेच गचके खातात. आपण ‘जॅगरी’ लिहितो आणि पुढे जातो. (इथे शब्द नागरीत लिहितोय, चौकटीत अर्थातच रोमन लिपीत टंकायचे.) पण उसाचा रस आटवून, रसावरची मळी ठेवून किंवा काढून, ढेप करायची कला एकट्या करवीरची नाही. कोलंबियात तिला पनेला म्हणतात, ब्राझीलमध्ये रापादुरा, मेक्सिकोत पिलोन्सियो, पेरूकडे चांकाका, जपानच्या ओकिनावा बेटांवर कोकुतो, फिलिपिन्सकडे मस्कोवाडो. या सगळ्यांना एका दावणीला बांधणारं शास्त्रीय नाव आहे ‘नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर’, म्हणजे सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून मळी (मोलॅसिस) वेगळी न काढलेली साखर. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना हेच नाव वापरते. ज्यानं हे नाव चौकटीत टाकलं नाही त्याला लॅटिन अमेरिकेतलं काम दिसतच नाही, आणि तिकडे गुळावर चांगलंच काम होतं.

नाव मिळालं म्हणून हुरळून जायचं कारण नाही. ‘नॉन-सेंट्रिफ्युगल’ मधली आडवी रेघ असली काय नसली काय, बरेच डेटाबेस सांभाळून घेतात. पण दोन्ही शब्द जोडून एक केलेला असेल तर तो वेगळा शब्द ठरतो, तो वेगळा लिहावा लागतो. कुणी ‘सेंट्रिफ्युगल’ लिहितो, कुणी ‘सेंट्रिफ्युज्ड’, म्हणून शेवट तारांकनानं (*, म्हणजे पुढे कुठलीही अक्षरं चालतील) मोकळा सोडायचा. निबंधांत याचं लघुरूप ‘एनसीएस’ असं येतं. ते मात्र चुकूनही एकटं टाकू नका. पबमेड या वैद्यकीय डेटाबेसमध्ये एनसीएस म्हणजे नर्व्ह कंडक्शन स्टडी. गूळ शोधायला गेलेला माणूस मज्जातंतूंच्या तपासण्यांत जाऊन पडेल.

प्रत्येक नावाला असा एक जुळा भाऊ असतोच. पनेला नावाचं मेक्सिकोत ताजं पांढरं चीज आहे. हिंदीतलं ‘गुर’ रोमनमध्ये टाकलं तर पश्चिम आफ्रिकेतल्या गुर भाषाकुळावरचे निबंध येतात. स्पेलिंगचे घोळ टाळायला ‘जॅगर’पाशी शब्द तोडून तारांकन लावलं तर मिक जॅगर हजर. ‘ब्राऊन शुगर’ फार सैल, ‘रॉ शुगर’ तर गूळच नाही, ती कारखान्याची कच्ची साखर. आणि नुसतं ‘केन’ म्हणाल तर हातातली काठीही येते आणि ऑस्ट्रेलियातला केन टोड नावाचा बेडूकही. ऊस हवा असेल तर ‘शुगरकेन’ जोडून, ‘शुगर केन’ तोडून आणि ‘सॅकरम’ हे शास्त्रीय नाव, तिन्ही लिहा.

चीज नको म्हणून लगेच ‘नॉट चीज’, म्हणजे चीज हा शब्द असलेल्या नोंदी वगळ, असं लिहायची घाई होते. ‘नॉट’ फार बेरकी आहे. गूळ आणि चीज दोन्हींच्या वेष्टनाची तुलना करणारा एखादा नेमका हवा असलेला निबंध तो गुपचूप गिळतो, आणि गिळलेलं कधी दिसत नाही. दुसरा आणि तिसरा ढीग जोडला की बरंचसं चीज आपोआप गळतं, उरलेलं डोळ्यांनी वगळावं. माझ्या मते ‘नॉट’ शेवटचा उपाय म्हणूनही दोनदा विचार करून वापरावा.

दुसरा ढीग रस निवळणाऱ्या द्रव्यांचा. इथला सापळा जास्त सुबक आहे. निवळण्याला इंग्रजीत ‘क्लॅरिफिकेशन’, द्रव्याला ‘क्लॅरिफिकंट’. शहाणा माणूस मूळ धरून ‘क्लॅरिफ’ लिहितो आणि पुढे तारांकन देतो, म्हणजे सगळी रूपं आली. आली खरी, पण सोबत ‘टू क्लॅरिफाय’ही आलं. ‘अमुक बाबीत स्पष्टता यावी म्हणून हा अभ्यास केला’ हे वाक्य कुठल्याही शाखेच्या सारांशात असतं. तारांकन एक अक्षर अलीकडे पडलं आणि निम्मं जग आत शिरलं. त्यावर उपाय असा की ‘क्लॅरिफिकंट’ पूर्ण लिहून त्यापुढे तारांकन द्यायचं, ‘क्लॅरिफाइंग एजंट’ अवतरणात घालायचं, आणि मोकळं ‘क्लॅरिफ’ हवंच असेल तर ते ‘ज्यूस’ या शब्दाच्या जवळपास असण्याची अट लावायची. वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ही अट ‘निअर/३’ अशी लिहितात : दोन शब्दांच्या मध्ये जास्तीत जास्त तीन शब्द. आकडा लिहायला विसरलात तर तो १५ धरतो, आणि पंधरा शब्दांत अख्खं वाक्य मावतं. स्कोपसमध्ये याच कामाला ‘डब्ल्यू/३’ आहे.

पण नुसत्या वर्गनामांवर भागत नाही. लोक द्रव्याचं नाव घेतात, वर्गाचं घेत नाहीत. गुळाला पिवळा उजळ रंग यावा म्हणून जी पावडर टाकतात तिला गुऱ्हाळावर हायड्रॉस म्हणतात. निबंधात ती सोडियम हायड्रोसल्फाइट असेल किंवा सोडियम डायथायोनाइट. त्यातही ब्रिटिश स्पेलिंगमध्ये ‘सल्फ’चा ‘फ’ पी-एच नं, अमेरिकन स्पेलिंगमध्ये नुसत्या एफ नं. मधल्या अक्षरांच्या जागी तारांकन टाकलं की दोन्ही पकडली जातात. भेंडीचंही तसंच : ओक्रा, भिंडी, भेंडी, लेडीज फिंगर, आणि वनस्पतिशास्त्रातलं अबेल्मोस्कस. शिवाय चुना आहे, कोरफड आहे. हा ढीग वाढवायची उत्तम जागा म्हणजे हाताशी असलेल्या दोन-तीन चांगल्या निबंधांचे कळशब्द आणि त्यांच्या तक्त्यांच्या पहिल्या रांगा. शब्दकोशापेक्षा तिथे जास्त मिळतं. त्याहून बरं, एखाद्या जुन्या गुळव्याला विचारावं की काहिलीत काय काय टाकतात. नावं तो सांगेल, तुम्ही त्यांची शास्त्रीय नावं शोधा.

तिसरा ढीग, टिकाऊपणा, लवकर आटपतो. ‘शेल्फ लाइफ’, ‘स्टोरेज’, ‘कीपिंग क्वालिटी’. यात विषय जाणणाऱ्यानं दोन शब्द वाढवावेत. पावसाळ्यात ढेप पाझरते ती गुळातली व्यस्त शर्करा हवेतलं पाणी ओढते म्हणून. तेव्हा ‘इन्व्हर्ट शुगर’ आणि ‘हायग्रोस्कोपिक’. साठवणुकीचा शब्दही न वापरता साठवणुकीवरच बोलणारे निबंध या दोन शब्दांनी सापडतात.

आता जोडणी. वहीत तीन उभे रकाने पाडा. रकान्यात वरून खाली जाताना ‘ऑर’, रकान्याकडून रकान्याकडे जाताना ‘अँड’. एवढंच आहे, तरी चुकतं, आणि त्यात आपल्या बोलण्याचा थोडा दोष आहे. मराठीत आपण म्हणतो, “मला गूळ आणि काकवी दोन्हींवरचे लेख द्या.” म्हणायचं असतं की गुळावरचेही द्या, काकवीवरचेही द्या. आपल्या तोंडचा ‘आणि’ यंत्राच्या भाषेत ‘ऑर’ असतो. ‘अँड’ लिहिलंत तर एकाच लेखात गूळही हवा आणि काकवीही हवी, अशी अट पडते. ग्रंथालयात काउंटरवर सांगितलेली गरज आणि चौकटीत टंकलेलं विधान यांतलं अंतर बरेचदा या एका शब्दाचं असतं.

कंसांचा कंटाळा करू नका. ‘जॅगरी ऑर पनेला अँड स्टोरेज’ असं मोकळं लिहिलंत तर पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातो : गूळ किंवा पनेला, आणि त्यातलं साठवणुकीचं. वेब ऑफ सायन्स आधी ‘अँड’ सोडवतो : पनेलाच्या साठवणुकीचं, किंवा गुळावरचं काहीही. अक्षरन् अक्षर तेच, निकाल वेगळा. तिन्ही रकान्यांभोवती कंस घातले की विधान सगळीकडे सारखं वाचलं जातं :

(जॅगरी ऑर पनेला ऑर रापादुरा ऑर पिलोन्सियो ऑर कोकुतो ऑर “नॉन-सेंट्रिफ्यु* शुगर”) अँड (क्लॅरिफिकंट* ऑर “क्लॅरिफाइंग एजंट*” ऑर हायड्रोसल्*ाइट ऑर डायथायोनाइट ऑर ओक्रा ऑर अबेल्मोस्कस) अँड (“शेल्फ लाइफ” ऑर स्टोरेज ऑर “कीपिंग क्वालिटी” ऑर हायग्रोस्कोपि* ऑर “इन्व्हर्ट शुगर*”)

हे विधान आधी वर्ड फाइलमध्ये रचून मग डकवत असाल तर अवतरणचिन्हांकडे बघा. वर्ड सरळ चिन्हांची वळणदार करून टाकतो, आणि काही डेटाबेस वळणदार चिन्ह ओळखतच नाहीत; शब्दसमूह फुटतो आणि निकाल वेडेवाकडे येतात. नोटपॅडमध्ये रचलं तर ही पीडा नाही. आणि हेच विधान गूगल स्कॉलरला देऊ नका. तिथे तारांकन चालत नाही, साधारण २५६ अक्षरांपुढचं तो वाचत नाही, आणि निकाल लाखभर सांगितले तरी दाखवतो पहिले १०००. त्याला दोन-चार शब्दांचे छोटे छोटे शोध द्यावेत.

मराठीतल्या साहित्याचा शोध ही वेगळीच जत्रा आहे. शोधगंगेवर, म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या प्रबंधभांडारात, मराठी प्रबंधांचे मथळे कधी नागरीत असतात तर कधी रोमनमध्ये, ज्यानं नोंद केली त्याच्या कलानं. नागरीत शोधायचं तर आपलं व्याकरणच आडवं येतं. ‘गूळ’ दीर्घ, पण विभक्ती लागली की ‘गुळाचा’ ऱ्हस्व. ‘गूळ’ टंकून ‘गुळाचे अर्थकारण’ सापडणार नाही, आणि दीर्घ ‘गूळ’पुढे तारांकन देऊनही सापडणार नाही, कारण अक्षर पोटातच बदललेलं आहे. ‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापुरातील’ यांचं तेच. दोन्ही रूपं ‘ऑर’नं जोडावी लागतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचं काही शोधत असाल तर ‘नाहीं’, ‘मुळें’ यांवरचे अनुस्वार लक्षात ठेवा.

याहून छुपी अडचण ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दात आहे. त्यातला अर्धा ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे खास अक्षर असतं, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही डोळ्यांना सारखेच, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. शब्द बरोबर, शुद्धलेखन बरोबर, प्रबंध समोरच्या भांडारात आहे, तरी निकाल शून्य. अशा वेळी सापडलेल्या एखाद्या नोंदीतूनच तो शब्द उचलून चौकटीत डकवावा. किंवा त्या शब्दाला वळसा घालून ‘कृषी’, ‘ऊस’ असले सरळ शब्द घ्यावेत. जुन्या श्रीलिपी, आकृतीसारख्या फाँटमध्ये केलेल्या पीडीएफच्या पोटात तर नागरी नसतेच. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो. त्यांच्या बाबतीत मथळा आणि विषय-नोंद एवढ्यावरच मदार.

इतिहासवाल्यांनी काळानुसार बदललेलं स्पेलिंगही पाहावं. १८७० साली फ्लॉरेन्समध्ये वारलेल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची युरोप प्रवासाची रोजनिशी १८७२ साली लंडनहून छापली गेली, त्यावर कोल्हापूरच्या शेवटी ‘यू’ नाही, दोन ‘ओ’ आहेत. जुन्या इंग्रजी कागदांत ‘एच’ गाळलेलं ‘कोलापोर’ही भेटतं. आजचं स्पेलिंग घेऊन ब्रिटिश अमदानीच्या कागदांत शिरलात तर आपल्याच गावचं नाव सापडायचं नाही. इथे तारांकनाचा हव्यास नको, तीन-चार रूपं सरळ लिहून काढा.

विधान तयार झालं की एकदम चालवू नये. एकेक रकाना वेगळा चालवा, आकडा लिहून ठेवा, मग शोध-इतिहासात जाऊन १, २ आणि ३ क्रमांकाच्या ओळी ‘अँड’नं जोडा. तिसरी ओळ जोडताच आकडा कोसळला तर दोष तिसऱ्या रकान्यात आहे, हे लगेच कळतं. एकेक शब्द काढून पुन्हा चालवला की कुठला शब्द कचरा ओढतोय तेही दिसतं. आणि परीक्षा घ्यायची ती अशी : विषयातले पाच-सहा निबंध, जे यायलाच हवेत असं तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, ते निकालात आहेत का बघा. एखादा नसेल तर त्याची नोंद उघडून वाचा. सारांशात ‘स्टोरेज’ नसेल, ‘मॉइश्चर अपटेक’ असेल. तो शब्द तिसऱ्या रकान्यात घाला आणि पुन्हा चालवा. पाच-सहाही येतात आणि पहिल्या पन्नास निकालांत निम्म्याहून जास्त कामाचे दिसतात, तिथे थांबायला हरकत नाही. सगळेच कामाचे आले तर उलट काळजी करावी, जाळं फार बारीक पडलंय.

प्रत्येक वेळी तारीख, डेटाबेसचं नाव, अक्षरशः जसंच्या तसं विधान आणि आलेला आकडा वहीत. पद्धतशीर आढाव्यांसाठी २०२१ मध्ये आलेली प्रिझ्मा-एस ही १६ कलमांची यादी हेच मागते. मौखिकीत “शोध कसा घेतला?” असा प्रश्न आला तर तेव्हा आठवून सांगता येत नाही, आणि सहा महिन्यांनी तेच विधान पुन्हा चालवायचं असतं तेव्हा कंस कुठे होता हे तर मुळीच आठवत नाही.

विधान डेटाबेसमध्ये जतन करून त्यावर सूचना लावून ठेवता येते, नवी नोंद आली की ईमेल येतो. त्यातल्या नव्या सारांशांवर एक नजर टाकत राहावी. एखाद्या सकाळी बोलिव्हियातला कुणीतरी आपल्याच ढेपेला भलत्याच नावानं हाक मारताना दिसतो, आणि पहिल्या रकान्याच्या तळाशी आणखी एक ‘ऑर’ वाढतो.